पट्टा घसरतो तेव्हा

शरदाचे भात कापणीस आले म्हणजे पेडणे व डिचोली तालुक्यांतील शेतकऱ्याची नजर एकदा शेताकडे आणि एकदा आभाळाकडे वळत असते. भिजण्यापूर्वी भात मळून व्हावे म्हणून मळणीयंत्र आणावे, आणि नेमका त्याच वेळी त्याचा पट्टा घसरू लागावा, हा अनुभव अनेकांचा आहे. इंजिन धडधडते, पट्टा किंचाळतो, पण ढोल मंदावतो. अशा वेळी कोणी राळेचा तुकडा पुढे करतो, कोणी बेल्ट ड्रेसिंगचा डबा आणतो. काम पुन्हा सुरू होते खरे. परंतु दोष गेला की केवळ झाकला गेला, हे पाहणे अगत्याचे आहे.

पट्टे मुख्यतः दोन प्रकारचे. जुन्या भातगिरणीत सपाट पट्टा असतो. चामड्याचा वा कॅनव्हासचा हा पट्टा पुलीच्या गुळगुळीत पाठीवर केवळ घर्षणाने टिकून असतो. कोरडा पडला की त्याची पकड सुटते. अशा पट्ट्याला तेल व राळ यांचे ड्रेसिंग बेताने लावल्यास उपयोग होतो.

मळणीयंत्र व पॉवर टिलर यांवर बहुधा व्ही आकाराचा रबरी पट्टा असतो. त्याची गोष्ट निराळी. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो आणि दोन्ही कडांनी पकड घेतो. खाचेच्या तळाला त्याने टेकावयाचे नसते. ड्रेसिंगमुळे त्याचे रबर मऊ पडते, भाताचा कोंडा व धूळ चिकटून खाचेत थर साचतो आणि पट्टा लवकर निकामी होतो.

म्हणून शेतकरी बंधूंनी प्रथम यंत्र बंद करून कारण शोधावे. पट्टा सैल असेल तर ताणावा. वंगण लागले असेल, किंवा वायंगणाच्या चिखलणीत चिखलपाणी लागले असेल, तर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. पेट्रोल वा रॉकेल वापरू नये. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे दोरी ताणून पाहावे. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा किंवा पुली झिजली असे समजावे. एका पुलीवर अनेक पट्टे असतील तर सर्व एकदम बदलावेत. नवा पट्टा थोडा चालल्यावर सैल पडतो. तो पुन्हा तपासावा.

सर्वांत मोठा धोका मात्र चालत्या पट्ट्याला हाताने काही लावण्याचा. पट्टा व पुली जेथे एकत्र येतात, तेथे बोटे क्षणात ओढली जातात. मळणीयंत्रांवरील असे अपघात टाळण्यासाठीच भारतात १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा झाला. ढग डोक्यावर आले असता दहा मिनिटे यंत्र थांबविणे जिवावर येते. पण भिजलेले भात पुन्हा वाळविता येते. गेलेली बोटे परत येत नाहीत.