व्यायामापूर्वी खावे काय?

पहाटे फिरावयास निघणारे आजोबा, शाळेच्या मैदानावर कवायतीसाठी उभा राहणारा विद्यार्थी, सैन्यभरतीच्या धावण्याच्या चाचणीसाठी रांगेत ताटकळणारा तरुण आणि आखाड्यात उतरणारा मल्ल, या चौघांपुढे एकच प्रश्न असतो. व्यायामापूर्वी काही खावे, की पोट रिकामे ठेवावे? खावयाचे झाल्यास काय, आणि किती वेळ आधी? या प्रश्नाची दोन ठराविक उत्तरे आपल्याकडे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, व्यायाम अनशापोटीच करावा. दुसरा विचारतो, इंधन घातल्यावाचून यंत्र चालावयाचे कसे? दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे. परंतु दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होते. आता खाल्लेला घास लगेच स्नायूंत पोहोचतो आणि तेथे जळतो, असे दोघेही मनाशी धरून चालतात. अन्नाचा हा प्रवास त्याहून पुष्कळ लांबचा आहे.

या प्रवासातील पहिला मुक्काम जठरात पडतो. अन्न तेथे किती वेळ राहते, हे जिवंत मनुष्याच्या पोटात प्रत्यक्ष पाहण्याची संधी विज्ञानाला एका अपघाताने मिळवून दिली. सन १८२२ च्या जून महिन्यात उत्तर अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. प्राण्यांच्या लोकरी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत तो नोकर होता. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट याने त्याला वाचविले. पण जखम भरून येताना पोटाच्या भिंतीत थेट जठरापर्यंत जाणारे एक छिद्र कायमचे राहून गेले. सन १८२५ पासून बोमाँटने आपले प्रयोग आरंभिले. रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे त्या छिद्रातून आत सोडावे, ठराविक वेळाने बाहेर ओढून काढावे आणि त्यांचे काय झाले ते टिपून ठेवावे, असा त्याचा क्रम असे. (सेंट मार्टिनला हे सारे फारसे रुचले नव्हते. त्याच वर्षी तो बोमाँटला न विचारता कॅनडात निघून गेला. आजच्या नियमांनुसार असल्या प्रयोगांना कोणी परवानगीही देणार नाही.)

सन १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोमाँटच्या ग्रंथात निरनिराळ्या पदार्थांच्या पचनास लागणाऱ्या वेळेचे एक कोष्टक आहे. शिजविलेल्या भाताला एक तास लागला, तर भाजलेल्या चरबीयुक्त डुकराच्या मांसाला सव्वापाच तास. याच ग्रंथात दुसरीही एक नोंद सापडते: सौम्य हालचालीने पचनास साहाय्य होते आणि थकवा आणणाऱ्या कठोर श्रमांनी ते मंदावते. दोन शतके होत आली, तरी या नोंदींचे सार टिकून आहे. स्निग्ध पदार्थ जठरात सर्वांत अधिक रेंगाळतात. प्रथिने आणि चोथा यांनीही जठर रिते होण्याचा वेग कमी होतो. साधे पिष्टमय अन्न मात्र लवकर पुढे सरकते. चारीठाव जेवण जठरातून पुढे जाण्यास तीन-चार तास सहज लागतात. हलकी न्याहारी एक-दोन तासांत पुढे सरते.

कठोर श्रमांत पचन का मंदावते, याचेही उत्तर आता ठाऊक आहे. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा जठर, आतडी, यकृत अशा उदरातील अवयवांकडे जात असतो. मनुष्य जोराने धावू लागला की स्नायू आणि त्वचा यांची मागणी वाढते व उदराचा वाटा झपाट्याने घटतो. अशा वेळी जठर भरलेले असेल, तर मळमळ, ढेकर आणि पोटात कळ हे सोबती ठरलेले. भरल्या पोटी धावू नये, या घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्याला शरीरविज्ञानाचा असा पाठिंबा आहे.

मग धावताना स्नायू कशावर चालतात? मुख्यतः शरीरात आधीच साठविलेल्या शिदोरीवर. पिष्टमय अन्नापासून निघालेली ग्लुकोज शर्करा ग्लायकोजेन नावाच्या पदार्थाच्या रूपाने साठविली जाते. या पदार्थाचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बेर्नार याने यकृतात लावला. ग्लायकोजेनची शरीरात दोन मोठी कोठारे आहेत. यकृताच्या कोठारात पोटभर जेवल्यानंतर सुमारे ८० ते १०० ग्रॅम माल असतो. स्नायूंच्या कोठारात सामान्यतः ३०० ते ५०० ग्रॅम असतो. या दोन कोठारांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. यकृत उदार आहे. आपली शर्करा ते रक्तात सोडते आणि तिच्यावर मेंदूसह साऱ्या शरीराचे पोषण होते. स्नायूंजवळ मात्र ग्लायकोजेनपासून मुक्त ग्लुकोज बनविणारे शेवटचे एन्झाइमच नाही. त्यामुळे मांडीच्या स्नायूतील साठा त्या स्नायूलाच उपयोगी पडतो, शेजाऱ्याला देता येत नाही.

स्नायूंचा हा आपमतलबीपणा दोन स्वीडिश संशोधकांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून दाखवून दिला. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन यांनी सन १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग इतका साधा आहे की शाळेतील मुलांनाही तो समजावून सांगता यावा. दोघांच्या मध्ये व्यायामाची एकच सायकल. एकाने एका बाजूने एका पायाने पायटा मारावयाचा, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने. प्रत्येकाचा दुसरा पाय स्वस्थ. पाय पुरता थकेपर्यंत हे चालले. नंतर जाड सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले, तेव्हा राबलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले आढळले. स्वस्थ पायातील साठा जसाच्या तसा होता. पुढील तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला. राबलेल्या पायात साठा नुसता भरून आला नाही, तर स्वस्थ पायाच्या सुमारे दुपटीपर्यंत चढला.

या प्रयोगातून आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. आजच्या धावण्याचे इंधन स्नायूंत कालच्या आणि परवाच्या जेवणांनी भरलेले असते. मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वी दहा मिनिटे घाईने गिळलेल्या अन्नाने ते कोठार भरत नाही. ज्याने दोन दिवस पोटभर भात-भाकरी खाल्ली आहे, त्याचे स्नायू सकाळी उपाशी नसतात.

उरलेले निम्मे उत्तर यकृताजवळ आहे. रात्री आपण झोपतो, मेंदू झोपत नाही. त्याला तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज लागते आणि साऱ्या रक्तात मिळून एका वेळी असते तेही जेमतेम तितकेच, एक चमचाभर. ही उणीव यकृत रात्रभर भरून काढीत असते. म्हणून सकाळी उठताना स्नायूंचे कोठार भरलेले आणि यकृताचे बरेचसे रिते, अशी आपली स्थिती असते. अर्धा तास चालणे, सूर्यनमस्कार, योगासने यांना हे पुरून उरते. आजोबांनी पाणी पिऊन किंवा कपभर चहा घेऊन फिरावयास जाण्यास, त्यांना मधुमेहासारखा विकार नसेल तर, काहीच हरकत नाही. परंतु श्रम एक-दीड तासाच्या पुढे लांबणार असतील, तर रिते यकृत महागात पडते. सन १९२४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथील मॅरेथॉन शर्यतीनंतर वैद्यांनी धावपटूंचे रक्त तपासले. ज्यांच्या रक्तातील शर्करा फार उतरली होती, ते गलितगात्र आणि गोंधळलेले दिसत होते. पुढील वर्षी काही धावपटूंना आधी पिष्टमय आहार आणि वाटेत गोड वड्या देण्यात आल्या, तेव्हा त्यांची ही अवस्था टळली.

रिकाम्या पोटी व्यायाम केल्याने चरबी लवकर झडते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. उपाशीपोटी श्रम करताना शरीर त्या वेळेपुरती अधिक चरबी जाळते, यात शंका नाही. पण दिवसाच्या उरलेल्या तासांत हा हिशेब बहुतांशी फिटून जातो. सन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० तरुण स्त्रियांनी चार आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, एकेक तास व्यायाम केला. निम्म्यांनी तो उपाशीपोटी केला, निम्म्यांनी खाऊन. दोन्ही गटांचा एकूण आहार सारखाच मोजका ठेवला होता. दोन्ही गटांचे वजन आणि चरबी घटली. दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रयोग लहान आणि थोड्या मुदतीचा होता, हे खरे. तरीही केवळ वजन उतरविण्याच्या आशेने जबरदस्तीने उपाशी धावणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

याउलट टोकाची भीती साखरेविषयी आहे. व्यायामापूर्वी गोड खाल्ले की स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. त्यातच श्रम सुरू झाले की इन्शुलिन आणि राबणारे स्नायू असे दोघेही रक्तातील शर्करा ओढून घेऊ लागतात व तिची पातळी काही काळ खाली जाते. सन १९७९ मधील एका अमेरिकन प्रयोगात श्रमांपूर्वी अर्धा तास ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतलेल्यांची दमसास १९ टक्क्यांनी घटलेली आढळली आणि पुष्कळ वर्षे हा इशारा सर्वत्र दिला जात असे. पुढील बहुतेक प्रयोगांत अशी घट दिसली नाही. खाली गेलेली शर्करा थोड्याच वेळात सावरते, असेच आढळून आले. तथापि काही व्यक्तींना या वेळी खरोखरच घेरी आल्यासारखे वाटते. त्यांनी गोड पदार्थ बऱ्याच आधी तरी घ्यावा, नाहीतर अगदी प्रारंभाच्या तोंडाशी.

आता काय खावे, याविषयी. तासाहून अधिक चालणाऱ्या श्रमांपूर्वी एक ते चार तासांच्या अवधीत, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे १ ते ४ ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यावे, असा क्रीडा-आहारतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. अवधी जितका थोडा, तितके प्रमाण कमी. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाला तासाभरापूर्वी साधारण ६० ग्रॅम पुरे होतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, म्हणजे दोन केळी आणि वर एक गोड चहाचा कप, इतकाच हा प्रकार. तीन तास हाताशी असतील, तर भात-वरण, पोळी-भाजी, इडली, पोहे यांपैकी आपल्या सवयीचे काहीही चालेल. तेल-तूप हात राखून असावे. दक्षिणेकडील मनुष्याने पोळीच्या मागे लागण्याचे किंवा उत्तरेकडील मनुष्याने इडली शोधण्याचे कारण नाही. बिहारकडील सत्तू किंवा भिजविलेले हरभरे पौष्टिक खरे; पण त्यांत चोथा असल्याने धावण्याच्या आधी ते लगेच खाऊ नयेत. मल्लांची बदाम घातलेली थंडाई आणि दूध यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांची जागा मेहनतीनंतर आहे, आणि जुन्या उस्तादांचाही क्रम बहुधा तसाच असे. उपवासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी हलकी समजली जाते. दाण्याचा कूट आणि तूप यांमुळे ती जठराला तशी मुळीच वाटत नाही.

भरतीसाठी येणाऱ्या तरुणांविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. त्यांची धाव बहुधा १६०० मीटरची, म्हणजे काही मिनिटांची असते. साठ किलोग्रॅमच्या तरुणाला तीत सुमारे १०० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात आणि स्नायूंतील साठा त्याच्या अनेक पटींनी मोठा असतो. शेवटच्या क्षणी ढोसलेल्या ग्लुकोजच्या पाण्याने त्याचा वेग वाढत नाही. उलट मन धास्तावलेले असताना जठर आधीच मंद झालेले असते. खरा धोका निराळाच आहे. मुले रात्रभर प्रवास करून येतात, पहाटेपासून रांगेत उभी राहतात आणि धावण्याची पाळी येते ती कधी कधी उन्हे चढल्यावर. तोवर पोटात ना अन्न असते ना पाणी. अशांनी आदल्या रात्री नीट जेवावे, रांगेत असताना केळे, पाव, चार बिस्किटे असे थोडे थोडे खात राहावे आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवावी. चाचणीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ अथवा चूर्ण प्रथमच घेऊन पाहू नये.

शाळांतही हा प्रश्न रोजचा आहे. प्रार्थनेच्या वा कवायतीच्या वेळी मूल घेरी येऊन पडते, याचे एक कारण असे की बराच वेळ निश्चल उभे राहिल्याने रक्त पायांत साचते. ऊन, तहान आणि रिकामे पोट यांची त्यात भर पडते. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मध्यान्ह भोजनाच्या जोडीला सकाळच्या पौष्टिक न्याहारीची शिफारस आहे. तमिळनाडूने सन २०२२ च्या सप्टेंबरमध्ये शासकीय प्राथमिक शाळांत तशी योजना सुरूही केली. जेथे अशी सोय नाही, तेथे शारीरिक शिक्षणाचा तास पहिलाच ठेवण्यापूर्वी, मुले काय खाऊन येतात, याची चौकशी शिक्षकांनी अवश्य करावी. ती साऱ्या वर्गादेखत मात्र करू नये.

इन्शुलिन किंवा शर्करा उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींना वरील कोणताही सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांच्या शरीरातील औषध व्यायाम सुरू झाला म्हणून थांबत नाही. त्यामुळे यकृताने पुरविलेली शर्करा अपुरी पडून हात कापणे, घाम फुटणे, भ्रम होणे आणि बेशुद्धी येथवर मजल जाऊ शकते. व्यायामापूर्वी रक्तातील शर्करा मोजावी आणि ती १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅमहून कमी असल्यास आधी १५ ते ३० ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे असावीत आणि शक्यतो एकट्याने दूर जाऊ नये. शर्करा व्यायामानंतर काही तासांनी, क्वचित झोपेतही, उतरू शकते; म्हणून औषधाचे प्रमाण आणि त्या रात्रीचे जेवण यांविषयी त्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.