मोकळा नर आणि बांधलेली घोडी
(लेखमाला : अश्वकुळाची ओळख, लेखांक सहावा)

रानटी किंवा मोकाट झालेल्या घोड्यांतील नर समागमाच्या हंगामात मनुष्यवस्तीजवळ येतो, तेव्हा त्याला माणसाची ओढ लागलेली नसते. माणसाने बांधून ठेवलेल्या घोडीचा गंध त्याला तिथवर आणतो आणि माणूस केवळ त्या दोघांच्या मध्ये सापडतो. खानदेशात रानटी घोडे नाहीत, परंतु नराचा हा स्वभाव समजून घेण्यासाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार ही सोयीची जागा आहे. तापीकाठचे हे गाव १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते आणि जिल्हा विभाजनानंतर ते नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात गेले. तेथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेबरोबर भरणाऱ्या बाजारात मारवाडी, काठेवाडी, नुकरा असे घोडे परप्रांतांतूनही येतात. गिऱ्हाईक भोवरे पाहते, गळ्याखालचा देवमण पाहते, चालीवर सौदे लाखांत जातात. मात्र शेजारच्या दावणीला घोडी आहे की नर, याकडे ज्याचे लक्ष असते तो मोतद्दारच खरा जाणकार म्हणावा लागेल.

मोकळ्या घोड्यांचा कळप म्हणजे एक प्रौढ नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असे कुटुंब असते. हे कुटुंब माद्यांच्या परस्पर सहवासावर टिकते आणि नर बदलला तरी त्या बहुधा एकत्रच राहतात. तरुण नर साधारण दोन-तीन वर्षांचे झाले की कळपाबाहेर पडतात, आपल्यासारख्याच सड्या नरांच्या टोळीत राहतात आणि पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत बहुतेकांना स्वतःची घोडी मिळत नाही. पाळीव घोडीभोवती घिरट्या घालणारा नर पुष्कळदा याच टोळीतला असतो, कारण दुसऱ्याच्या कळपातील घोडी मिळवायची तर तेथील नराशी झुंजावे लागते, आणि खुंट्याला बांधलेल्या घोडीजवळ असा प्रतिस्पर्धी बहुधा नसतो.

हंगामाचे गणित दिवसाच्या लांबीवर चालते. अंधारात मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारे द्रव्य, स्रवते. दिवस मोठा होऊ लागला की त्याचा अंमल कमी होतो आणि घोडीच्या अंडाशयाचे चक्र सुरू होते. हे चक्र सुमारे २१ दिवसांचे असून त्यांपैकी पाच ते सात दिवस ती माजावर असते. गर्भकाळ अकरा महिन्यांच्या आसपास असल्यामुळे वसंतात फळलेली घोडी पुढच्या वसंतात विते, आणि मध्य आशियाच्या गवताळ मैदानात नेमके तेव्हाच कोवळे गवत उगवते. खानदेशात मात्र हे घड्याळ बेताल ठरते, कारण चैत्र-वैशाखात येथील माळ करपलेला असतो आणि गवत उगवते ते मृगानंतर. येथील सर्वांत लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे साडेतेरा तासांचा असतो. थंड प्रदेशांच्या मानाने हा फरक थोडा असल्याने हंगामाची सीमाही सैल राहते. म्हणूनच मार्गशीर्षातील बाजारात बहुतेक घोड्या शांत असल्या, तरी चांगल्या खुराकावरची एखादी माजावर असू शकते, आणि सारी दावण अस्वस्थ व्हायला तेवढी एक पुरते.

माजावरची घोडी शेपटी बाजूला घेते आणि वारंवार थोडे थोडे मुतते. नर ते मूत्र हुंगतो, मान उंचावतो, वरचा ओठ उलटा दुमडून दात उघडे टाकतो आणि काही क्षण तसाच थांबतो. पाहणाऱ्याला तो हसतो आहे असे वाटते; प्रत्यक्षात तो नाकपोकळीच्या तळाशी असलेल्या याकोबसनच्या अवयवापर्यंत गंधद्रव्य पोहोचवत असतो. घोडी हाकताना त्याचा पवित्रा अगदी वेगळा असतो : कान मागे चिकटवून, मान जमिनीलगत ताणून तो डोके सापासारखे डोलवत येतो. घोडीवर बसलेल्या माणसासमोर मोकळा नर अशा रीतीने आला, तर तो घोडी हाकून नेत आहे असे समजावे. त्याला स्वाराशी वैर नसले तरी धोका कमी होत नाही, कारण राजी नसलेली घोडी लाथ झाडते आणि नर चावतो. अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढच्या व मागच्या दोरांनी, घोडा जखडण्याच्या रीतीमागे हाच अनुभव आहे.

प्राचीन यज्ञकर्त्यांनाही ही ओढ ठाऊक होती. अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा फिरे, पण त्याला माद्यांपासून दूर ठेवणे हे रक्षकांचे एक काम असे. पाळीव घोड्याच्या वंशातही रानटी आणि पाळीव घोड्यांच्या संबंधाची खूण असावी. केवळ आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा वारसा आजच्या घोड्यांत विलक्षण विविध आहे, तर केवळ बापाकडून येणारे वाय गुणसूत्र फारच एकसारखे आहे. काही अभ्यासकांच्या मते पाळीव कळपांत रानटी घोड्या पुन्हा पुन्हा मिसळल्या गेल्या, तर इतरांच्या मते मोजक्या नामांकित नरांपासून पैदास करण्याच्या अलीकडच्या शतकांतील रीतीमुळे नरांचा वारसा आटला. दोन्ही कारणे एकत्र मानण्यात विसंगती नाही.

युरोपातील तर्पण या घोड्याला मात्र ही ओढ महागात पडली. १७६८च्या सुमारास रशियात वोरोनेझकडे गेलेल्या ग्मेलिन या निसर्गाभ्यासकाने नोंदवले, की तर्पणाचे नर गावकऱ्यांच्या घोड्या पळवून नेतात. गंजीतले गवत खाणे आणि घोड्या पळवणे या दोन तक्रारींवरून शेतकऱ्यांनी तर्पणांचा पाठलाग केला, आणि १८७९ मध्ये युक्रेनमधील शेवटची मुक्त घोडी मेली असे मानले जाते. तर्पण कितपत शुद्ध रानटी होता याविषयी मतभेद आहेत, ते पळवलेल्या पाळीव घोड्यांशी झालेल्या संकरामुळे.

मंगोलियातील प्रझेवाल्स्कीच्या घोड्याबाबत भीती उलट दिशेची आहे. १९६९ नंतर तो निसर्गात दिसेनासा झाला, आणि बंदिवासात उरलेल्यांची वंशावळ जेमतेम तेरा पूर्वजांपर्यंत जाते, ज्यांत एक पाळीव घोडीही आहे. त्यांच्या संततीला १९९२ पासून हुस्ताई व ताखिन ताल येथे पुन्हा मोकळे सोडण्यात आले. या घोड्याची गुणसूत्रे ६६ आणि पाळीव घोड्याची ६४. संकराची ६५ होतात, तरी तो खेचरासारखा वांझ नसतो, त्यामुळे मिसळण पिढ्यान् पिढ्या पुढे जाऊ शकते. म्हणून तेथे गुराख्यांचे घोडे या कळपांपासून दूर ठेवावे लागतात. गाढव, खेचर आणि कच्छच्या छोट्या रणातील खूर हे रानगाढव यांच्या संकराचा प्रश्न निराळा असून त्याचा विचार पुढील लेखांकात येईल.