ट्राऊट मासा आणि नदीतले गोटे

शेतकऱ्यांच्या मासिकात माशांच्या शिकारीवर लेख कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. आम्ही माळकरी नाही. तरी पाण्याकाठी गळ टाकून बसणाऱ्या मनुष्यास आजवर रिकामटेकडाच समजत आलो. परंतु २०२४ साली दिवाळीपूर्वी हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यातील तीर्थन नदीच्या काठी आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथे जे पाहिले त्याचा धागा अखेरीस आमच्या जन्मभराच्या नोकरीशी आणि वाचकांच्या नदीकाठच्या जमिनींशी येऊन भिडला. यास्तव हा लेख.

आमचा पुतण्या चंदीगडास बँकेत नोकरीस आहे व त्यास या शिकारीचा नाद आहे. मनालीच्या रस्त्याने जाता औटच्या बोगद्याअलीकडे एक फाटा फुटतो. त्याने लारजी व बंजार मागे टाकून आम्ही गुशैणी येथे पोहोचलो. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंच असून तीर्थन तेथे आपल्या एखाद्या मोठ्या ओढ्याएवढीच रुंद दिसते. खाली लारजीजवळ तिचे पाणी बियास नदीस मिळते. तिच्या तळाशी गाळ असा जवळजवळ नाहीच. कणीएवढ्या रेतीपासून भरल्या बैलगाडीएवढ्या धोंड्यापर्यंत सर्व आकाराचे गुळगुळीत दगड, आणि त्यांतून फेसाळत धावणारे बर्फाचे व पावसाचे पाणी. इंग्लंडच्या दक्षिणेस खडूच्या दगडातून झऱ्याने पाझरणाऱ्या संथ नद्या आहेत. तेथे या शिकारीचे पुष्कळसे शास्त्र बनले. तीर्थनसारख्या दगडाळ नदीस हे शिकारी लोक ‘फ्रीस्टोन’ नदी म्हणतात.

ट्राऊट हा मासा मूळचा आपल्या देशचा नव्हे. युरोपातील तपकिरी ट्राऊटची अंडी १८९९ साली काश्मीरकडे पाठविण्यात आली, ती वाटेतच नासली. पुढील वर्षी पुन्हा पाठविलेली जगली. काश्मिरातून हे बियाणे १९०९ च्या सुमारास कुलूस आले व बियासकाठी माहिली येथे त्याचे उबवणी केंद्र निघाले. इंद्रधनुषी ट्राऊट म्हणतात तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील. हौदात पाळण्यास तो अधिक सोयीचा. हिमालयातील मूळचा मासा ‘असला’. तो दगडावरील शेवाळ खरवडून खातो. साहेबांनी आपल्या करमणुकीसाठी आणलेल्या पाहुण्याने या घरधन्याची जागा बरीच आवळली, हे ट्राऊटचे गुण गाताना विसरू नये.

हा मासा आपल्या सह्याद्रीत का सोडीत नाहीत, असे आम्ही विचारले. कारण साधे आहे. त्यास १० ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते; वीस अंशांपलीकडे त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. १० अंशांवर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर अवघा साडेसात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ओढ्याचे पाणी कसे तापते हे सांगावयास नको.

शिकारीस सरकारी परवाना लागतो. आम्ही तो सवयीने उलटसुलट वाचला. नोव्हेंबरच्या १ तारखेपासून फेब्रुवारीअखेर शिकार बंद, कारण तपकिरी ट्राऊटचा विणीचा हंगाम त्या थंडीत येतो. एरवी ज्या खात्याचे कागद आम्ही पाहिले त्यांत कारण असे क्वचितच दिलेले असते. येथे ते पुतण्याने तोंडी सांगितले, एवढेच.

आता साधनाविषयी. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून गळ पाण्यात सोडणे निराळे, आणि हे निराळे. येथे आमिष म्हणजे कोंबड्याच्या मानेची पिसे व दोरा लहानशा गळावर गुंडाळून केलेली खोटी माशी. ती बहुधा हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान. तिला वजन असे नाहीच. मग ती तीस-चाळीस फुटांवर फेकावी कशी? गोफणीत वजन दगडाचे असते, परंतु आसूडात ते वादीचेच असते. येथेही जाड दोरीलाच वजन असून सुमारे नऊ फुटी लवचिक काठीने ती मागे उडवावयाची, पाठीमागे पुरती ताणली जाईपर्यंत क्षणभर थांबावयाचे, आणि मग पुढे सोडावयाची. दोरीच्या टोकास केसासारखा बारीक होत गेलेला नायलॉनचा धागा, व त्याच्या शेवटी माशी. सारी खुबी त्या क्षणभर थांबण्यात आहे. आम्ही औत हाकताना बैलावर आसूड वाजविलेला, म्हणून गर्वाने काठी हाती घेतली. पहिल्या फेकीस गळ आमच्याच टोपीत रुतला, आणि दुसरीस पाठीमागच्या अंजिराच्या फांदीत. तेथे मात्र पुतण्यास नदी सोडून झाडावर चढावे लागले.

आमच्या घरधन्याचा धाकटा भाऊ वाटाड्या म्हणून सोबत असे. त्याने पहिल्या दिवशी काठीस हातच लावू दिला नाही. गुडघाभर पाण्यात उतरून नारळाएवढा एक गोटा उचलला व उलटा करून आमच्यापुढे धरला. “बाबूजी, आधी याचे दुकान पाहा,” असे तो म्हणाला. वरून निव्वळ कोरा दगड. परंतु खालच्या अंगास जी वस्ती होती ती पाहून आम्ही चकित झालो. चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे किडे दगडास चिकटून सरपटत होते. ही मेफ्लायची पिल्ले. दोन शेपट्यांची, अधिक दणकट दिसणारी, ती स्टोनफ्लायची. पाणी जरा मळले की प्रथम तीच नाहीशी होतात. आणि रेतीचे कण एकास एक जोडून केलेल्या, भाताच्या दाण्याएवढ्या नळ्या दगडास चिकटलेल्या होत्या. आम्ही त्यांस खडे समजलो. पण एकीतून डोके बाहेर आले! कॅडिस नावाचा हा किडा रेशमाच्या किड्यासारखा धागा काढून त्याने आपले घर सांधतो.

मेफ्लायचे पिल्लू महिनोन्‌महिने दगडाखाली काढते आणि एके दिवशी वर येऊन पंख पसरते. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक याच्याखेरीज दुसरा नाही. पंखवाल्या अवस्थेत त्यास खाण्याजोगे तोंडही नसते. एक-दोन दिवसांत जोडी जमवून, पाण्यावर अंडी टाकून तो मरतो. ट्राऊट वर्षभर पोसतो तो बहुतांशी या गोट्यांखालच्या धान्यावर. म्हणून शिकारी आधी दगड उलटतो, वस्तीस कोण आहे ते पाहतो, आणि मग डबीतून तशी माशी काढतो. वाटाड्याने तो गोटा होता तसा, त्याच बाजूवर, त्याच खाचेत परत बसविला. आठ दिवसांत त्याने अनेक दगड उचलले असतील. परंतु एकही पालथा टाकल्याचे आम्ही पाहिले नाही.

ट्राऊट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून शिकाऱ्याने खालच्या अंगाने, पाठीमागून जावे. मोठ्या धोंड्याच्या आडोशास पाणी संथ असते. तेथे तो विनाश्रम उभा राहून शेजारून वाहत जाणारे खाद्य टिपतो. माशी पाण्याबरोबर सहज वाहिली तर तो घेतो. दोरीने तिला तसूभरही ओढले तर तोंड फिरवितो. मधला प्रवाह जोराचा असल्याने दोरी खाली खेचली जाते, ती काठीच्या हलक्या झटक्याने पुन्हा वरच्या अंगास टाकीत राहावे लागते. हे आम्हांस सहाव्या दिवशी एकदा साधले. पिवळसर तपकिरी अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे, असा वीतभर मासा हाती आला. गळाचे उलटे टोक चिमट्याने आधीच दाबून ठेवले असल्याने तो सहज सुटला. ओल्या हातांनी, तोंड प्रवाहाकडे करून त्यास धरले. कल्ले दोन-चार वेळा हलले आणि तो आपणहून गेला. इतके कष्ट करून पकडलेले सोडावयाचे, हे आम्हांस मोठे चमत्कारिक वाटले. परंतु खरे म्हणजे त्या वेळी तळण्याची आठवण झाली नाही.

सातव्या दिवशी आम्ही बाजूच्या एका नाल्यावर गेलो. वरती डोंगर फोडून रस्ता चालला होता व निघालेला राडा उतारावरून खाली लोटला होता. पाणी राखेसारखे. वाटाड्याने पुन्हा तसाच एक गोटा उचलला. तो उचलताना चिखलातून निघाल्यासारखा चुळकन आवाज झाला. खाली काही नव्हते. दगडादगडांतील पोकळी बारीक गाळाने बुजली होती. ट्राऊटची मादी शेपटीने खडीत खळगा करून अंडी घालते व वर खडी ओढते. दहा अंश पाण्यात सुमारे सहा आठवडे, अधिक थंडीत त्याहूनही अधिक काळ ती अंडी खडीतून झिरपणाऱ्या पाण्यावरच श्वास घेतात. तेथे गाळ बसला की अंडी गुदमरतात. अंथरूणही तेच आणि कोठारही तेच.

आमच्या घरधन्याचे चार लांबट सिमेंटी हौद आहेत. कूल म्हणजे आपल्याकडील पाट. त्या पाटाने नदीचे पाणी आत घेऊन तो इंद्रधनुषी ट्राऊट पाळतो. ९ व १० जुलै २०२३ च्या महापुरात पाटाचे तोंड वाहून गेले, दोन हौद दगडांनी भरले, उरलेल्यांतील मासे गढूळ पाण्याने व पाणी बंद पडल्याने रातोरात मेले. नदी स्वतः मात्र पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुष्कळ सावरली, असे तो म्हणाला. पुराने आणलेला गाळ पुढच्या स्वच्छ पाण्याने धुऊन नेला. वरून रोज राडा लोटीत राहिले तर तिला सावरण्यास सवड कोठली, हा त्याचा प्रश्न. नुकसानभरपाईचा त्याचा अर्ज पंधरा महिने एका कचेरीत पडून होता.

येथे आम्हांस आमची कचेरी आठवली. आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत नदीतील वाळू-खडीचे किती पंचनामे लिहिले याची गणती नाही. लांबी, रुंदी, खोली; गुणाकार; इतके ब्रास; स्वामित्वधन इतके. पात्र म्हणजे रिकामा माल, हा हिशेब आमच्या डोक्यात पक्का बसला होता. एकदा नदीकाठचे सात शेतकरी व दोन भोई एकत्र अर्ज घेऊन आले. वाळू उपसल्यापासून काठच्या विहिरी माघातच तळ गाठू लागल्या आणि डोहात मासा राहिला नाही, असे त्यांचे म्हणणे. वाळू ओली राहते ती पाणी धरून ठेवते म्हणून, आणि काठच्या विहिरीस तेच पाणी झिरपते, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. तथापि ‘मासा’ हा शब्द वाचून आम्ही हसलो, व अर्जावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा साहेबांच्या सहीसाठी तयार केला. त्यांपैकी एक म्हातारा भोई दारातून परत वळून म्हणाला होता, “रावसाहेब, वाळू नेली तर नेली, पण आतलं कुणी मोजलं का?” त्यास काय म्हणावयाचे होते ते गुशैणीस समजले.

शेवटच्या रात्री घरधन्याचा अर्ज आम्ही नव्याने लिहविला. हिंदी पुतण्याची, मांडणी आमची: गट, क्षेत्र, हौदांचे माप, मेलेल्या माशांची संख्या, शेजाऱ्यांच्या सह्या. त्याखाली वरच्या नाल्यातील राड्याचे एक स्वतंत्र कलम घातले, आणि अशी कलमे कचेरीत कोणत्या युक्तीने वगळतात हे ठाऊक असल्याने त्यास वेगळा अर्ज करून वेगळी पोच घेण्यास सांगितले.

परवान्याची मुदत आणखी एक दिवस शिल्लक होती. परंतु पुलाखालच्या उथळ खडीवर माशांच्या जोड्या फिरू लागल्याचे वाटाड्याने पहाटे पाहिले होते. तेव्हा पुतण्याने काठी जोडलीच नाही, आणि आम्ही सकाळच्या मोटारीने निघालो.