पूर येण्याआधी ग्रामसभेला या

सोयाबीनच्या शेंगा भरत येतात आणि नेमकी तेव्हाच नदीकाठच्या घरांची झोप उडते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या गोदाकाठच्या तालुक्यांतल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. २००६ च्या ऑगस्टात आणि २०२५ च्या सप्टेंबरात वर जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गोदाकाठची शिवारे पाण्याखाली गेली.

पूर ओसरला की पंचनामे होतात, थोडीफार मदत मिळते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सारे विसरले जाते. पण बंधूंनो आणि भगिनींनो, पुराची तयारी हे एकट्या तहसीलदाराचे काम नव्हे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने स्थानिक संस्थांवरही ती जबाबदारी टाकली आहे. रस्ते, मोऱ्या, पिण्याचे पाणी हे तर पंचायतीचेच विषय. म्हणून गावचा विकास आराखडा ठरेल तेव्हा पुढील गोष्टी मांडा.

पहिली गोष्ट पूररेषेची. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ एकदा पूर आला की २५ वर्षे निर्धास्त, असा मात्र नव्हे. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. तेव्हा निळ्या रेषेच्या आत नवे घरकुल किंवा अंगणवाडी नको. रेषा आखलेली नसेल तर वडीलधाऱ्यांना विचारून शाळेच्या भिंतीवर पाण्याची खूण करून ठेवा.

दुसरी गोष्ट नाल्याची. नदी तुडुंब भरली की नाल्याचे पाणी तिच्यात उतरत नाही, उलट नदीच नाल्यातून मागे शिरते. म्हणून नदीपासून लांबची रानेही बुडतात. त्यातच रस्ता उंच केला आणि मोरी अरुंद ठेवली, तर तो रस्ताच बांध होऊन पाणी अडवतो. रस्त्याचा ठराव येईल तेव्हा मोरी केवढी, हे आधी विचारा.

तिसरी गोष्ट माणसांची आणि गुरांची. धरणातून सोडलेले पाणी आपल्या घाटाला लागेपर्यंत मध्ये वेळ मिळतो. तेवढ्यात रात्री भोंगा कोण वाजवील? एकट्या म्हाताऱ्या माणसाला, बाळंतिणीला कोण हलवील? गुरे कोणत्या उंचवट्यावर न्यायची? पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचा कठडा पुराच्या वर आहे का? ही नावे आणि जागा कागदावर लिहून चावडीत लावा. त्याखाली जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही लिहा.

घरच्या बायामाणसांनाही ग्रामसभेला आणा. पाणी आधी कोणत्या दारात शिरते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. बोललेले ठरावात लिहून घ्या आणि वाचून दाखवायला सांगा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही, तसेच पाणी उंबऱ्याला लागल्यावर आराखडा मागण्यातही नाही.