माहुलचं नाक, मनाचे खेळ

मुंबईतल्या माहुलच्या नव्या पाहुण्याचं स्वागत आधी वास करतो. तेल, गंधक, खाडीचा चिखल, वाळत घातलेला जवळा, सगळं एकदम! जुन्या रहिवाशाला विचारा, तर तो म्हणेल, "कसला वास?" तो खोटं बोलत नाही. एकच वास सतत येत राहिला, की त्याची जाणीव काही मिनिटांतच बोथट होते. मानसशास्त्रात याला संवेदनिक अनुकूलन म्हणतात. मनगटावरचं घड्याळ दिवसभर जाणवत नाही, तेही यामुळेच.

गंमत पुढे आहे. पामेला डाल्टन या अमेरिकन संशोधिकेने 1996 मध्ये लोकांना एकच वास दिला. काहींना सांगितलं, हा आरोग्याला चांगला. काहींना सांगितलं, हा घातक. घातक म्हणून ऐकलेल्यांना तो जास्त वेळ, जास्त उग्र जाणवत राहिला. म्हणजे नाकात कल्पनाही काम करते!

पण वास हा खरा इशाराही असतो. घरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. कच्च्या तेलातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूची तऱ्हा वेगळी. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास. प्रमाण फार वाढलं की तो नाकच बधिर करतो. तिथे वास गेला म्हणजे धोका गेला असं मुळीच नाही.

मनाचे खेळ नाकापुरतेच नाहीत. जरा मासळीबाजारात चला. पाच बोंबलांच्या वाट्यावर मावशीने एक जास्त टाकला, की गिऱ्हाईक खूश. भरल्या पाटीत तोच एक टाकला तर कुणाला पत्ता लागणार नाही. फरक जाणवणं हे मूळच्या मापावर ठरतं, हा एर्न्स्ट वेबर यांचा 19व्या शतकातला नियम.

आणि खाडीवरचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो? शेकडो पक्षी एकदम वळले, की आपल्याला सुटे पक्षी दिसतच नाहीत, एकच गुलाबी थवा दिसतो. एका दिशेने हलणाऱ्या गोष्टी मन एकत्र बांधतं, हे माक्स वेर्थायमर यांनी 1923 मध्ये मांडलं.

पण माहुलमध्ये सवय हा नुसता गमतीचा विषय नाही. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये नोंदवलं. नाक सरावतं, फुप्फुसं सरावत नाहीत. म्हणून कुणी नवखा "इथं वास येतोय" म्हणाला, तर त्याचं ऐका.