नॅपकिन पाणी कसं पितो

तोंड पुसायला, हात पुसायला, तापलेल्या पोराचं अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यायला घरात नॅपकिनच लागतो. हॉटेलात कागदाचा मिळतो त्यालाही आपण नॅपकिन म्हणतो, पण घरातला सुती, लूपवाला नॅपकिन वेगळाच. तो कसा बनतो ते सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, यंत्रमागाशेजारी उभं राहून पाहावं. इथल्या टेरी, म्हणजे लूपवाल्या, टॉवेलला इथल्या चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे. मागावरच्या कितीतरी कामगारांच्या घरात तेलुगू बोलली जाते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा इथे रुजवला.

शेडमध्ये खडखडाट एवढा की शेजारच्याशीही खुणांनीच बोलायचं. साध्या कापडाच्या मागाला ताण्याचं, म्हणजे उभ्या सुताचं, एकच बीम पुरतं. इथे दोन असतात. एकावरचं सूत कडक ताणलेलं, तो कापडाचा पाया. दुसऱ्यावरचं सैल सोडलेलं. लूप होतात ते याचेच. धोटा आडवा धागा टाकून जातो, फणी पुढे येते, पण विणून झालेल्या कापडापर्यंत पोचत नाही. थोडी अलीकडेच थांबते. दुसऱ्या धाग्यालाही तसंच. तिसऱ्या धाग्याला मात्र ती पूर्ण ठोका देते आणि तिन्ही धागे मिळून ताठ सुतावरून पुढे सरकतात. सैल सुताला जायला जागा उरत नाही, म्हणून ते वर-खाली उसळतं. तोच लूप. सगळी करामत त्या अलीकडे थांबण्यात आहे. मी ते बराच वेळ पाहत राहिलो आणि माझं मन भरेना.

लुपांमुळे सुताचा पाण्याशी लागणारा भाग वाढतो. त्यांचं सूत कमी पिळाचं ठेवतात, म्हणजे तंतूंमध्ये पाणी शिरायला वाट राहते. मागावरून उतरलेलं कोरं कापड मात्र पाणी नीट पीत नाही, कारण ताण्याला खळ असते आणि कापसाला स्वतःचं मेण. धुलाई झाली की ते खरं उघडतं. मग कापणी, कडांची शिलाई, सुटे धागे कातरणं. या कामाकडे फारसं कुणी पाहत नाही, पण नॅपकिन टिकतो तो कडेवर.

विकत घेताना नुसत्या मऊपणावर जाऊ नका. उजेडात धरून लूप दाट आहेत का बघा, कडेची शिवण ओढून बघा. आणि धुताना सॉफ्टनर घालू नका; त्याचा थर लुपांवर बसतो आणि नॅपकिन पाणी प्यायचं सोडतो.