एकाच बराकीतून दिसलेले दोन देश

कोल्हापूरहून मिरजेकडे जाताना वळिवडे नावाचे लहानसे रेल्वे स्थानक लागते. १९४३ साली तेथे बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहावयास आले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. युद्धानंतर ते निघून गेले आणि त्याच वसाहतीत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. तिचे नाव आज गांधीनगर आहे. छप्पर तेच, पाऊस तोच. पण दोघांना तेथून दिसलेला देश एक नव्हता. असे का झाले, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

प्रथम पोलिश लोकांचे पाहू. १९४०-४१ साली सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया व कझाकस्तानात नेले. हिटलरने १९४१ मध्ये रशियावर चाल केली, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे काही हजार माणसे हिंदुस्थानात पोहोचली. मुलांची पहिली तुकडी १९४२ साली काही काळ राहिली ती आपल्या अंधेरीपासून चौथ्या स्थानकावर, वांद्र्यास. पुढे ती नवानगर संस्थानातील बालाचडीस गेली. युरोपातील शाळकरी पोरांनी हिंदुस्थान ऐकलेला असे तो वाघांचा आणि महाराजांचा. परंतु थंडीने व भुकेने खंगलेल्या माणसाला नव्या देशाची ओळख पटते ती हातात पडलेल्या भाकरीवरून. वळिवड्यास त्यांनी चर्च, शाळा, नाट्यगृह असे छोटे पोलंडच उभारले. त्यांच्या लेखी हा देश म्हणजे प्रतीक्षालय होते. युद्ध संपले की घरी जावयाचे. युद्ध संपले, पण त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. काही पोलंडला परतले, पुष्कळजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे वळले. उतारवयात त्यांनी आठवणी लिहिल्या, कोल्हापूर पाहावयास ते परत आले. वॉर्सा शहरात कोल्हापूरचे स्मारकही आहे. जेथे राहावयाचे नव्हते, तेच बालपणाचे घर ठरले.

सिंधी कुटुंबांचे याउलट झाले. मुंबई त्यांना परकी नव्हती. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि तेथील कॉलेजे १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. एका रात्रीत जो देश शेजारचा झाला, तो कालपर्यंत त्यांचाच होता. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि बोटी भरभरून माणसे मुंबई बंदरात उतरू लागली. आपण आपल्याच माणसांत चाललो आहोत, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. पुढ्यात आल्या त्या कल्याणच्या लष्करी बराकी, रेशनची रांग आणि ‘शरणार्थी’ हे नाव. फाळणीत उखडलेल्या अनेकांना तो शब्द लागला. आम्हांला ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे ते सांगू लागले. परतीची वाट बंद होती, म्हणून त्यांनी बराकीतच दुकान मांडले. कल्याणच्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. गांधीनगर कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ बनले. तरी स्वतःचा प्रांत नसलेल्या त्यांच्या भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळावयास १९६७ साल उजाडले.

यावरून आम्हांला असे दिसते की, निर्वासिताच्या मनातील नवा देश तीन गोष्टींनी घडतो : आधी ऐकलेली कीर्ती, परतीची वाट खुली आहे की नाही, आणि पहिल्या दारात मिळालेली वागणूक. पहिल्या दोन आपल्या हाती नाहीत. तिसरी मात्र नळावर, रेशनच्या दुकानात आणि कारखान्याच्या फाटकावर आपणच ठरवितो.

नवा आलेला माणूस आपली भाकरी घेईल, ही भीती आम्ही कामगारांत पुष्कळदा ऐकली आहे. ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. निराधार माणूस कमी मजुरीवर राबावयास तयार होतो आणि त्याच्याबरोबर जुन्या माणसाचीही मजुरी उतरते. परंतु त्याला फाटकावर शिव्या घातल्याने ती वर चढत नाही; तो अधिकच मालकाच्या आश्रयाला जातो. त्याच्या हाती युनियनचे सभासदपत्र द्यावे, जुन्याइतकीच मजुरी त्यालाही मागावी. मग त्याला दिसणारा देश आणि आपल्याला दिसणारा देश यांत फार अंतर राहणार नाही.